जालिंदर कंडक्टरची पायी फेरी

जालिंदर कंडक्टरला चौसाळ्यात कुणी कधी चालताना पाहिलं नव्हतं. उभी हयात एसटीत गेली, गळ्यात तिकिटांचं मशीन, एक हात वरच्या दांडीला आणि तोंडानं "पुढं सरका, पुढं सरका." घरातून स्टँडवर जायचं तरी कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागं बसून जाणार. रिटायर झाल्यावरही ही सवय गेली नाही. काडेपेटी आणायची असली तरी हा गडी दारात उभा राहून गाडीवाल्याची वाट बघणार. म्हणून गेल्या जानेवारीत पाठीवर भलीमोठी सॅक आणि पायात कोरे करकरीत बूट अशा अवतारात तो स्टँडवर उगवला, तेव्हा हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात धरूनच बाहेर आली.

"जालिंदर, कुन्या लढाईवर निगालास बे?" एकानं विचारलं.

"लढाई न्हाई. पोरीसंगं चाललोय. उमापूरपसून सिरसाळ्यापस्तोर. पायी."

"पायी? कावून? म्हामंडळानं पास बंद केला का काय तुजा?"

सगळे हसले. एरवी जालिंदर असल्या बोलण्याला एकाच्या जागी दोन परत करणारा माणूस. त्या दिवशी नुसता गालात हसला आणि आपल्या बुटांकडं बघत राहिला. त्याची पोरगी राजश्री शेजारी उभी राहून त्याच्या सॅकचा पट्टा आवळत होती. बापाचं ते गप्प राहणं तिनं पाहिलं आणि तिला वाटलं, अण्णा लाजतायत. तिला ते फार गोड वाटलं. बिचारी.

राजश्री तिशीला टेकलेली. पुण्यात एका दवाखान्यात स्टाफ नर्स. आठवडाभर वॉर्डात उभं राहायचं आणि सुट्टी मिळाली की चार मैत्रिणींबरोबर एखादा किल्ला चढायचा, हा तिचा नेम. तिच्या आईला, सिंधुबाईला, हे प्रकरण कधी उमगलं नाही. "पैशे देऊन डोंगर चढतीय अन उतरून परत येतीय. वर काय वाढून ठिवलंय?" असं ती शेजारणींना विचारायची. बापाला मात्र राजश्री दर दिवाळीला म्हणायची, अण्णा, एकदा माझ्याबरोबर चला. अण्णा म्हणायचे, बघू. कंडक्टर 'बघू' म्हणाला की ती गाडी आज यायची नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

आणि त्या खेपेला दिवाळी सरल्यावर त्याचा आपण होऊन फोन आला.

"राजू, एक म्हनायचं हुतं. उभ्या हयातीत मी गावं बघितली ती खिडकीतून. गाव आलं की थांबायची बेल मारायची, गाव गेलं की निघायची डबल बेल मारायची. खाली उतरलो ते चहापुरतं. त्या वाटा एकदा पायानं बघाव्या वाटायलंय. तू येतीस का संगं?"

राजश्री वॉर्डाच्या दारात उभी होती. या माणसानं आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. तिनं सुनिता नावाच्या मैत्रिणीच्या पाळ्या अंगावर घेतल्या, हातापाया पडून सुट्टी मंजूर करून घेतली, बापाच्या मापाचे बूट आणि सॅक कुरिअरनं पाठवली. भेटेल त्याला सांगत सुटली, मी आणि माझे अण्णा चालत जाणार आहोत. लग्न ठरलेल्या मुली सांगतात तसं सांगत होती, असं सुनिता म्हणाली.

आता तिच्या पायाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय.

चौथीत असताना ती लिंबाच्या झाडावरून पडली. हाड जुळलं, पण डावा पाय उजव्यापेक्षा जरासा आखूड राहिला. शाळेतली पोरं मागून तिच्यासारखं चालून दाखवायची. ती रडत घरी आली, तेव्हा जालिंदर तिला स्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या माणसाकडं घेऊन गेला. तिचा पाय पुठ्ठ्यावर आखून चामड्याची एक जाड, छोटी गादी करून घेतली. बुटात टाचेखाली ठेवायची. ती ठेवून राजश्री उभी राहिली आणि तिची कंबर सरळ झाली. स्टँडच्या मोकळ्या आवारात बापानं तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि स्वतः उकिडवं बसून लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर ती तोच सांगायची. पुढं पाय वाढला, बूट बदलले, गादी नव्यानं करावी लागली. पण दर वेळी जालिंदरच जाऊन ती करून आणायचा, अगदी ती पुण्याला नोकरीला लागल्यावरसुद्धा. किल्ल्यावरच्या मैत्रिणींना तिनं ती गादी बुटातून काढून कौतुकानं दाखवली होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

तेविसाव्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि मुलाची आत्या म्हणाली, "जरा दारापस्तोर चालून दाखव बाई." बघायला आलं की पोरीला चालवायचं, ही आपल्याकडची रीतच. पोरगी धड आहे ना, एवढंच बघायचं असतं, असं म्हणतात. आता घरात बूट घालून कोण बसतं? राजश्री अनवाणी दारापर्यंत गेली आणि परत आली. आत्यानं हातातली बशी खाली ठेवली. पाहुणे गेले, आणि कंडक्टरची पोरगी लंगडी ही बातमी आठवडाभरात गेवराईपलीकडं पोचली. एसटीसुद्धा इतकी वेळेवर जात नाही.

त्या दिवशी जालिंदरनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. "परत कुनापुढं तुला चालाय लावनार न्हाई. शब्द हाय माजा." आणि त्यानं तो पाळला. स्थळ घेऊन कुणी आलं तर, "पोरीशी बोला, तिला पसंत पडलं तर बघू," एवढंच म्हणायचा. चौदा एप्रिलला वस्तीतल्या स्टेजवर त्याचं भाषण ठरलेलं. त्यातही दर वर्षी एक वाक्य असायचं, की पोरीला बाजारातल्या ढोरावानी पारखू नका. ते वाक्य आलं की राजश्रीचे डोळे भरून यायचे. माझा बाप बोलतोय, असं तिला वाटायचं.

तर अशी ती दोघं निघाली. निघताना सिंधुबाईनं तिच्या सॅकमध्ये एक नवा मोरपंखी ड्रेस कोंबला.

"चालायला हा कशाला, आई?"

"आसू दे. चार घरी उतरनार तुमी. भिकाऱ्यावानी दिसूने."

धाकटा भाऊ बाळू मोटरसायकल पुसत बाजूला उभा होता. थोरल्या बहिणीचं झाल्याशिवाय त्याचं होत नव्हतं, त्यामुळं तो हल्ली राजश्रीशी जरा तोंडदेखलंच बोलायचा. त्या दिवशी मात्र आपण होऊन तिची सॅक उचलून स्टँडवर आणून दिली. राजश्रीला तेही बरं वाटलं.

उमापूरला एसटीतून उतरून त्यांनी पाय टाकला. हमरस्ता राजश्रीनं मुद्दाम टाळला होता. शिवारातल्या पाणंदी आणि मग कालव्याच्या कडेची वाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कणसात आलेली ज्वारी. मध्येच कुणीतरी हाक मारून ओंजळभर हुरडा हातावर द्यायचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं, दारात एखादी म्हातारी आणि शेळ्या. जालिंदर सुरुवातीला दर झाडाखाली बसत होता. मग त्याला लय सापडली आणि त्याचं तोंड सुटलं. कुठल्या फाट्यावर कोण चढायचं, कोण कोंबडी पिशवीत लपवून आणायचं, कोण तिकीट काढताना झोपेचं सोंग घ्यायचं, सगळं.

एका फाट्यावर तो थबकला. तिथून कच्ची वाट आत जात होती.

"हितं एक म्हातारी उतरायची. डोक्यावर गठुडं. मला वाटायचं, घर जवळच आसंल हिचं," तो म्हणाला. लांब, पार लांब, झाडांच्या आड चार पत्रे चमकत होते. "तिकडं हाय गं तिचं गाव. एवढं चालायची म्हातारी? मी आपला बेल मारून मोकळा व्हायचो."

राजश्रीनं बापाकडं पाहिलं. त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. तिला वाटलं, यासाठी तर आलो आपण.

दुपारी सावलीला बसलं की ती त्याचे बूट काढायची. टाचांना फोड आले होते. नर्सबाईच ती, फोड पुसून, मलम लावून, वर पट्टी चिकटवून देई. "लई तरास देतोय गं मी तुला," तो म्हणायचा. ती म्हणायची, "गप्प बसा."

मुक्काम ओळखीच्या घरी. कंडक्टरला ओळखींचा काय तोटा? गावोगावच्या आपल्या वस्तीत त्याला नावानं ओळखणारं एक तरी घर होतंच. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. गाव जवळ आलं की जालिंदर मागं पडायचा. कधी बुटाची नाडी सुटायची, कधी पाणी प्यायचं असायचं. "तू हो पुढं. मी येतोच. ताठ चाल, सरळ." ती थांबायला बघायची तर हात हलवून पुढं पिटाळायचा. त्याआधी कालव्यावर तोंड धुवायला लावायचा, "घामानं कशी दिसतीस बघ." मग राजश्री पाठीवरचं ओझं घेऊन एकटीच गावात शिरायची, आणि उंबऱ्याउंबऱ्यावर बायका उभ्या असायच्या. पँट घालून सॅक घेतलेली बाई बघायला त्या उभ्या असणारच, असं तिला वाटायचं. ती हसून "जय भीम" म्हणायची, त्याही म्हणायच्या. त्यांची नजर तिच्या तोंडावर नसायची हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या घरी पोहे झाले. दुसऱ्या घरीही पोहेच. दुसऱ्या घरच्या बाईनं पगार विचारला, आणि तिच्या मास्तर झालेल्या मुलानं आठवण म्हणून सगळ्यांचा फोटो काढला. राजश्री इतकी शहाणी, रात्री-अपरात्री पेशंटच्या चेहऱ्यावरून ताप ओळखणारी, पण आनंदात माणूस आंधळं होतं. सिंधुबाईच्या फोनवरच्या आग्रहाखातर तिनं तो मोरपंखी ड्रेससुद्धा एकदा घातला.

माजलगाव मागं टाकून ते तिसऱ्या घरी पोचले ते भर दुपारी. जालिंदर आत जाऊन पंख्याखाली बसला आणि त्याच्या गोष्टींना रंग चढला. राजश्रीनं अंगणात बूट काढले, मोजे उन्हात टाकले आणि पाय धुवायला अनवाणीच हौदाकडं निघाली. भिंतीला टेकून घरातली म्हातारी, ताराबाई, ऊन खात बसली होती. तिनं कपाळावर आडवा हात धरून राजश्रीच्या पायांकडं पाहिलं. आणि म्हातारी माणसं बोलतात तशी, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली.

"अगं बया! सूनबाई, भाईर ये! ही तर लंगडतीय की गं! मंग कंडक्टर काय म्हनला हुता? लोकाचं ऐकू नका, पोरगी उमापूरपसून चालवत आनतो, तुमी दारात उभं राहून डोळ्यानं बघा म्हनला ना?"

सून धावत बाहेर आली, तोंडावर बोट ठेवून. पण आता काय?

राजश्री हौदापाशी पोचली होती. तिनं तांब्या भरला, एका पायावर पाणी ओतलं. मग दुसऱ्या पायावर. तिच्या डोळ्यांपुढून सगळी गावं उलटी गेली: उंबऱ्यावरच्या बायका, सुटलेल्या नाड्या, धुतलेलं तोंड, पोहे, फोटो, आईचा ड्रेस, बाळूनं उचललेली सॅक. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं असं एकच माणूस चालत होतं, आणि ते आनंदानं चालत होतं. आतून बापाच्या हसण्याचा आवाज आला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच मागून असं रडू आलं की तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारून घेतलं. कुणी परक्यानं फसवलं असतं तर ती भांडली असती. इथं तर ज्याचे फोड ती रोज पुसत होती त्यानंच केसानं गळा कापला होता.

तिनं बूट चढवले आणि दारात जाऊन म्हणाली, "चला."

"आत्ताच? जेवान व्हायचंय आजून हितं," जालिंदर म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं सॅक उचलली.

गाव मागं पडेपर्यंत राजश्री पुढंच चालत राहिली. जालिंदर लंगडत होता, फोडांनी. पाटावरच्या एका मोरीपाशी राजश्री थांबली.

"किती घरं हुती, अण्णा?"

"कसली घरं?"

"मला बघायची."

जालिंदर मोरीच्या कट्ट्यावर बसला. खोटं बोलायचा त्यानं विचार केला असेल, पण तेवढं धाडस झालं नाही. "चार," तो म्हणाला. "सिरसाळ्याचं शेवटचं. शहादेव गुर्जींचं. पोरगा सत्यम, वीज हाफिसात हाय. लई चांगलं घर हाय, राजू."

"तुमी शब्द दिलता मला."

"शब्द कुठं मोडला?" जालिंदरनं मान वर केली. त्यानं यावर विचार करून ठेवला होता, हे ऐकताक्षणीच कळत होतं. "कुनापुढं चाल म्हनलो का म्या तुला? पाटावर बसवलं का? तू तुज्या हौसंनं चालत हुतीस. लोकांनी बघितलं, एवढंच. धा जागी सांगून ठिवलंय लोकांनी, पोरगी अधू हाय म्हनून. कुनाकुनाचं तोंड धरू? म्या म्हनलं, बोलन्यापरीस दिसू द्यावं. पाठीवर एवढं ओझं घेऊन पोरगी गावात शिरली की आपसूक तोंडं बंद. माजी छाती फुगायची गं मागून बघताना. खरं सांगतो."

"अन मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर आली आस्तीस का? तुला कळलं नस्तं, तर तरास बी झाला नस्ता."

हे असं आहे. सगळं जिच्यासाठी चाललंय तिला कळलं नाही म्हणजे झालं. राजश्रीनं वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली, आत हात घातला आणि टाचेखालची गादी बाहेर काढली. घामानं ओली, कडा झिजलेली. तिनं ती बापापुढं धरली.

"एक विचारते. खरं सांगा. ही तुमी माज्यासाठी केलती का लोकांसाठी?"

जालिंदरनं गादीकडं पाहिलं. हजार माणसांच्या गर्दीत सुट्ट्या पैशावरून भांडणाऱ्याला एका वाक्यात गप्प करणारा माणूस, पण आता तो बोटानं कट्ट्यावरची माती झटकायला लागला.

"बापाला दोन्ही बघावं लागतं गं," तो म्हणाला.

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान तो एक दिवस तरी तिच्याजवळ राहिला असता; ते स्टँडचं आवार, त्या टाळ्या. आता तिला कळेना, की बाप टाळ्या तिची कंबर सरळ झाली म्हणून वाजवत होता, का आता कुणाला दिसणार नाही म्हणून. अख्ख्या जगात एक माणूस असा होता, ज्याच्यापुढं तिला पाय सांभाळून चालावं लागत नव्हतं. तोच सगळ्यात जास्त पायाकडं बघत होता.

"अन ते खिडकीतून गावं बघितली म्हनलात, ते? ती म्हातारी, गठुडंवाली? ते तरी?"

"ते खरं हाय, राजू. आईशप्पथ खरं हाय."

असेलही. पण आता तिला ते निवडता येईना. एकाच तोंडातून एकाच आवाजात दोन्ही आलेलं. कुठलं खरं धरायचं आणि कुठलं टाकायचं? चालून आलेली सगळी वाटच नासली होती. तिनं गादी बापाच्या हातात ठेवली, त्याची बोटं मिटवली आणि नाडी बांधली.

"ही कशाला काढलीस? तरास होईल. कंबर धरंल तुजी."

"धरू द्या."

सिरसाळा दिसायला लागलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वेशीबाहेर उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, पलीकडं बाजाराचा गलबला. जालिंदर जवळ आला.

"एवढं एक घर, राजू. मान्सं वाट बघत्यात. आत्ता न्हाई कसं म्हनायचं? ती तेवढी घाल बुटात. बापाची लाज राख."

"तुमी हितंच थांबा," राजश्री म्हणाली. "मी हुते पुढं. रोजच्यासारखी."

आणि ती गावात शिरली. बिनगादीच्या बुटानं, पाठीवरच्या ओझ्यासकट, आपला पाय जसा पडतो तसा पडू देत. डावीकडं कलायची, सावरायची, परत कलायची. वर्षानुवर्षं ती अशी उघड्यावर चालली नव्हती. लाज वाटली का? वाटली. कान तापले, चौथीतली पोरं मागून येतायत असं वाटलं. दारादारात बायका होत्या, ठरल्याप्रमाणं. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. राजश्रीनं चाल बदलली नाही आणि मानही खाली घातली नाही. तिला गल्ली फार लांब वाटली.

शहादेव गुरुजींच्या ओट्यावर इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं उभी होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. आतून फोडणीचा वास आला, पोहेच. गुरुजींचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या बायकोची नजर बुटांवर खिळली होती. त्यांचा मुलगा, तो सत्यम, तेवढा पुढं आला आणि त्यानं पाण्याचा तांब्या दिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याचा बिचाऱ्याचा यात काय दोष? राजश्री उभ्यानंच पाणी प्याली.

"जय भीम. मी जालिंदर कंडक्टरची पोरगी," ती म्हणाली. "बघितलं ना नीट? अण्णा मागून यायलेत. त्यांना बसायला द्या, फोड आलेत पायाला."

तांब्या परत करून ती वळली आणि विचारत विचारत स्टँडवर आली. परळीहून बीडला जाणारी गाडी लागलेली होती. तिनं खिडकीची जागा धरली, सॅक मांडीवर घेतली. डावा गुडघा ठणकत होता. कंडक्टर तरणा होता.

"कुठं, ताई?"

"बीड. एक."

तेवढ्यात तिला जालिंदर दिसला. बाजारातून वाट काढत, सॅक एका खांद्यावर, जमेल तेवढ्या झपाट्यानं तो स्टँडकडं येत होता. चांगलाच लंगडत होता. पानाच्या ठेल्यावरची माणसं बाजूला सरकली. "लई चाललेले दिसतात पावने, बसा वाईच," असं कुणीतरी स्टूल पुढं करून म्हणालं. पुरुष लंगडला की तो दमलेला असतो.

गाडी सुरू झाली. जालिंदरनं हात वर केला. उभी हयात त्यानं हात करणाऱ्यासाठी गाडी थांबवली होती, अगदी सुटलेली गाडीसुद्धा. एवढ्या एका गुणासाठी सगळे त्याचं नाव घेत. त्या वर केलेल्या मुठीत ती गादी होती, खिडकीतून स्पष्ट दिसत होती.

"आपले जालिंदर अण्णा हायेत ते!" तरण्या कंडक्टरनं ओळखलं. त्याचा हात दोरीकडं गेला. "तुमच्याकडंच बघून हात करायलेत ना? थांबवू का, ताई?"

राजश्रीनं बापाकडं पाहिलं. उतरावं असं तिला वाटलं, नाही असं नाही. मग तिनं मान फिरवली आणि समोर बघितलं.

"नगं," ती म्हणाली. "ते त्यांच्या हौसंनं चालायलेत."

कंडक्टरला काही कळलं नाही. त्यानं डबल बेल मारली.